शालिकभाऊंची दुखणी

कपाळ धरून बसलेल्या माणसाला कुणीही विचारेल, 'गोळी घेतली का?' आमचे शालिकभाऊ विचारतात, 'गोल दुखते का टोकदार?'

हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदा विचारला तेव्हा शाळा-कॉलेजच्या प्रवेशांची गर्दी जोरात होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावात माझं झेरॉक्सचं आणि लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. सकाळपासून कॉम्प्युटरपुढे बसून डोकं भणभणत होतं. माझी बायको मंदा बाम आणायला आत गेली होती. तेवढ्यात शालिकभाऊ आले, स्टूल ओढून माझ्या अगदी तोंडासमोर बसले आणि त्यांनी तो प्रश्न टाकला.

"दुखून राह्यलं भाऊ, एवढं खरं," मी म्हटलं.

"असं नाई चालत. टोकदार असन तर कुठून घुसते ते सांग. गोल असन तर फिरते का जागीच बसते?"

मी डोळे मिटले. खरं सांगतो, स्वतःच्या डोकेदुखीकडे मी त्या दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिलं. "उखळात मुसळ पडते ना भाऊ, तसं," मी म्हटलं. "पण उखळात धान नाई. रिकामं उखळ."

"रिकामं उखळ!" शालिकभाऊ ताडकन उठले. "यात माल हाये, प्रकाश! यात माल हाये!"

मंदा बाम घेऊन आली तोवर ते गेलेही होते. माझी डोकेदुखी घेऊन गेले असते तरी चाललं असतं, पण ती त्यांनी जागेवरच ठेवली होती.

शालिकभाऊ चित्रकार आहेत. भिंतीवर फ्रेम करून लावायच्या चित्रांचे नव्हे. लहान मुलांच्या वाचनाच्या पुस्तकांत जो ससा असतो, अंगणवाडीच्या तक्त्यावर जी पपई असते, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हात धुणारी जी बाई असते, ती काढणारे चित्रकार. वय साठीला टेकलेलं. माझ्या दुकानामागच्या एका खोलीत एकटेच राहतात. लग्न का केलं नाही असं विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात. बाजारातून कोथिंबीर आणायची राहून गेल्यासारखं.

कागद ते विकत घेत नाहीत. माझ्या दुकानात चुकलेल्या पत्रिकांचा ढीग असतो, त्या नेतात आणि मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढतात. त्यामुळे त्यांचा एखादा सुंदर बगळा उलटला, तर मागे 'चि. सौ. कां. प्रमोद' असं निघतं. ती चूक माझी. प्रमोद अजून माझ्याशी बोलत नाही.

त्यांना चित्रं सुचतात कुठून, हा सावलीतल्या लोकांचा आवडता विषय आहे. कारण ती सुचताना सगळ्यांनी पाहिलेली आहेत. बसस्टँडवरच्या हॉटेलात ते समोसा मागवतात आणि खात नाहीत. कागदाला तेल कसं पसरतं ते बघत बसतात. त्या तेलाच्या डागातून एकदा अख्खं अस्वल निघालं. एका पुस्तकात आहे ते, चौथ्या पानावर. शेजारच्या गाईच्या पाठीवरचे ठिपके त्यांनी ढग म्हणून वापरले. बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या बाईसमोर ते एकदा दोन तास उकिडवे बसले, तेव्हा ती बाई शेवटी म्हणाली, "भाऊ, एक तर टोपली घ्या, नाईतर विणाले तरी लागा." भाऊ विणायला लागले. वाकडी झालेली ती टोपली पुढे चित्रात पक्ष्याचं घरटं झाली. मंदाने एकदा तव्यावरची भाकरी त्यांच्या हातातून ओढून घेतली होती. "चंद्रावरचे डाग असेच असतेत का, पाहून राह्यलो होतो," असं ते म्हणाले. भाकरी मी खाल्ली. डागांसकट.

डासाची गोष्ट तर पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. मागे डेंग्यूची साथ आली तेव्हा जवळच्या एका गावात भिंतीवर मोठा डास काढायचं काम त्यांना मिळालं. भाऊंनी एक डास पकडून काचेच्या बरणीत ठेवला. तो बसतो कसा हे बघायला बरणीत हात घातला. मी ओरडलो, तर म्हणाले, "पाहुण्याले उपाशी ठेवतेत का?" पुढचे आठ दिवस ते तापाने फणफणले. मग उठले आणि भिंतीवर चार फुटांचा डास काढला. पाय असे, की नवरीच्या हातात काळ्यापांढऱ्या बांगड्या कोपरापर्यंत चढवाव्यात. पंख असे, की झालरीचा पदर. दिवाळीत त्या गावातल्या सात-आठ दारांसमोर रांगोळीत तोच डास!

आरोग्यसेविका रडकुंडीला आली. "भाऊ, लोकाईनं याले भ्यायले पाहिजे!"

"भितीन ना बाई," शालिकभाऊ म्हणाले, "पण आधी पाहू तर द्या."

अशा या माणसाकडे मागच्या पावसाळ्यात दुखण्याचं काम आलं.

झालं असं. गडचिरोलीच्या पलीकडे, जंगलात जाणाऱ्या रस्त्यावर एक छोटा दवाखाना आहे. तिथल्या सिस्टर वंदनाबाई एक दिवस पत्ता विचारत आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "आमच्याकडं आतल्या गावातले पेशंट येतेत. त्यांची गोंडी, आमची मराठी, डॉक्टरसाहेब तिसरीकडचे. कुठं दुखते ते बोटानं कळते. पण कसं दुखते ते कळत नाई. आम्हाले बारा कार्डं काढून द्या. पेशंटनं बोट ठेवलं का समजलं पाहिजे."

शालिकभाऊंनी पहिली बारा कार्डं चार दिवसांत काढली. बारा माणसं, बारा वेदना. ती त्यांनी आमच्या ओट्यावर मांडली आणि मंदाला बोलावलं.

"हा जांभई देऊन राह्यला," मंदा म्हणाली. "हा शिंकते. अन् ह्या बाईले तर लॉटरी लागली वाटते."

"तिची दाढ दुखून राह्यली, मंदाबाई."

"हसून राह्यली भाऊ ते."

मी मदत म्हणून कॉम्प्युटरवरून दुखणाऱ्या माणसांचे फोटो शोधून छापून दिले. सगळे टाय लावलेले, केस विंचरलेले, पांढऱ्याशुभ्र दातांचे. भाऊंनी एकेक पाहिला. "याचं डोकं नाई दुखून राह्यलं," ते म्हणाले. "याले फक्त धर म्हणून सांगितलं."

दोन दिवस ते खोलीबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आले आणि त्यांनी मला 'गोल का टोकदार' विचारलं. दुखणं तोंडावर दिसत नाही, ते कशासारखं आहे ते लोकांनाच विचारायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

मग काय, भाऊ दुखणी गोळा करत गावभर हिंडू लागले. दिवसभर चिखलात वाकून धानाचा रोवणा करून परतणाऱ्या बायांना त्यांनी रस्त्यात थांबवलं. त्यातली एक म्हणाली, "पाठीवर पाटा ठेवला हाये जी, अन् वरून कोनीतरी वरवंटा फिरवून राह्यलं." तलावावर मासे धरणारे मारोतीभाऊ खांद्याबद्दल म्हणाले, "जाळं दगडाले अटकते अन् हिसका बसते ना, तसं. पण जाळं नाई अन् दगडबी नाई." एका कंडक्टरच्या गुडघ्यात बसचा गिअर पडत होता. शाळेचे मुख्याध्यापक पोटाबद्दल भाऊंशी खाजगीत बोलले. काय बोलले ते मला माहीत नाही, पण ते चित्र मी पाहिलं आहे. त्यात शिट्टी अडकलेला एक कुकर आहे.

बातमी पसरली आणि भाऊंच्या दारात म्हाताऱ्यांची रांग लागली. डॉक्टरकडे बसायच्या आत चिठ्ठी मिळते. इथे अर्धा अर्धा तास ऐकणारा माणूस, वर मध्येच "वा!" म्हणणारा. सीताबाई म्हणाल्या, "माह्या कमरेत इंचू हाये." लगेच पार्वताबाई म्हणाल्या, "तुह्या कमरेत इंचू, तर माह्या कमरेत साप हाये, अन् तो बी बुढा." सीताबाईंनी दुसऱ्या दिवशी येऊन आपल्या विंचवांची संख्या वाढवली. शेवटी कार्डावर तांबड्या मुंग्या आल्या, विंचूही नाही आणि सापही नाही. त्या पाहिल्यावर दोघी म्हाताऱ्यांची एकमेकींशी गट्टी झाली आणि दोघींनी मिळून भाऊंशी बोलणं टाकलं.

महिनाभरात नवी बारा कार्डं तयार झाली. पहिल्या कार्डावर माझं रिकामं उखळ होतं. मला उगाचच अभिमान वाटला.

कार्डं द्यायला मीही त्यांच्यासोबत गेलो. वैनगंगेचा पूल ओलांडला, गडचिरोलीला बस बदलली आणि दुपारी दवाखान्यात पोचलो. वंदनासिस्टरने लगेच कार्डं एका पेशंटसमोर धरली. तो पोट धरून आलेला. भाऊंनी जळजळीसाठी उकळत्या तेलाची कढई आणि तडतडणाऱ्या मिरच्या काढल्या होत्या. पेशंटने ते कार्ड पाहिलं, खुशीत मान हलवली आणि खाटेखालची आपली थाळी काढून समोर धरली. जेवण आलं असं त्याला वाटलं होतं.

सिस्टर हसून हसून भिंतीला टेकल्या. भाऊ मात्र गंभीर. तिथेच खाली बसून त्यांनी कढईभोवती माणसाचं पोट काढलं. आता पेशंटने थाळी खाली ठेवली, कार्डावर बोट दाबलं आणि मोठा सुस्कारा सोडला. मुंग्यांच्या कार्डावर तर एका माणसाने बोट ठेवलं, मग आपल्या पायावर ठेवलं, मग भाऊंकडे असं पाहिलं, की हे तुम्हाला कुणी सांगितलं?

कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी बसली होती. तिने बाराही कार्डं पाहिली आणि बारा वेळा मान हलवली. नाही.

"तिचं काई दुखत नाई आता," सिस्टर हळूच म्हणाल्या. "बाजाराच्या रस्त्यावर तापानं पडून होती. कोण्या गाडीवाल्यानं आणून सोडलं. आता ताप गेला, पण घरचं कोनी आलं नाई. गावाचं नाव सांगते, पण ते गोंडीतलं. सरकारी यादीत ते नावच नाई, तिथं दुसरंच काई लिहिलं असन. दोन गावात निरोप पाठवले, दोन्हीकडून आमची नाई म्हणून सांगितलं. सोमवारपर्यंत कोनी आलं नाई तर तिले नागपूरच्या आश्रमात पाठवा लागते."

म्हातारी आमच्याकडे बघत नव्हती. खिडकीकडेही नाही. आपल्या तळहातांकडे बघत होती.

शालिकभाऊ तिच्या खाटेजवळ जमिनीवर बसले. चुकलेली पत्रिका उलटी केली आणि एक घर काढलं. कौलारू, मधे दार, बाजूला झाड. जसं पुस्तकात काढतात तसं. म्हातारीने वाकून पाहिलं आणि त्यांच्या पेन्सिलीवर चापट मारली.

"चूक म्हणते," आयाबाई रुखमा म्हणाली. ती याच आठवड्यात कामाला लागली होती आणि तिला गोंडी येत होती. "दार इकडं नाई, तिकडं हाये."

भाऊंनी दार हलवलं. मग गोठा हलवला. मग मोहाचं झाड अंगणातून काढून कुंपणाबाहेर लावलं. म्हातारी खाटेवरून उतरून त्यांच्या शेजारी येऊन बसली. मनगट धरून त्यांचा हात ढकलू लागली. घरामागे डोंगर आला. उंच काढला तर तिने हात आडवा फिरवला. बसलेल्या म्हशीसारखा डोंगर हवा होता. पाच पत्रिका वाया गेल्या. सहाव्या पत्रिकेवर डोंगराखाली सिमेंटची पाण्याची टाकी आली.

"निळी?" भाऊंनी रंगाची पेन्सिल दाखवून विचारलं.

म्हातारीने टाकीच्या मधोमध बोटाने रेघ ओढली. खाली निळं. वर काही नाही.

"पेंटरचा रंग सरला म्हणते," रुखमा म्हणाली. "तो गेला तो वापस आलाच नाई."

"अर्धीच?" शालिकभाऊंना खरोखर राग आला. "अर्ध्यावर सोडून गेला? कोन होता तो?" मग एकदम थांबले. चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "प्रकाश, अशी टाकी जिल्ह्यात दुसरी असन का?"

त्या चित्राच्या मी तीस प्रती काढल्या. टाकीची खालची बाजू भाऊंनी प्रत्येकीवर हाताने निळी केली. पुढचे तीन दिवस ते गडचिरोलीच्या बसस्टँडवर होते. बस लागली की खिडकीखाली उभे. ड्रायव्हरला दाखव, कंडक्टरला दाखव, जंगलातल्या गावांना जाणाऱ्या बायांना दाखव. मी फोन केला तर "जेवून राह्यलो" म्हणायचे, आणि मागून बसचे हॉर्न ऐकू यायचे. लोकांना वाटलं, घर विकायला काढलंय. एकाने तर खोल्या किती ते विचारलं.

शनिवारी एका कंडक्टरने कागद हातात घेतला आणि तो हसायलाच लागला. "अरे, हे तर चड्डीवाली टाकी! माह्याच रूटवर हाये. पोट्टे चड्डीवालीच म्हणतेत तिले."

त्याच्याच बसने कागद गेला. रविवारी दुपारी म्हातारीचा मुलगा लालसू दवाखान्यात येऊन पोचला. गाडी चंद्रपूरकडे गेली असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून तो बिचारा दोन आठवडे चंद्रपूरचे दवाखाने पालथे घालत होता. आईला पाहून तो दारातच खाली बसला. म्हातारी उठली, त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या पाठीत तिने दणकन एक बुक्की घातली. मग त्याचं डोकं पोटाशी धरलं.

सिस्टरने फोनवर ही हकीकत सांगितली तेव्हा भाऊ माझ्या दुकानात होते. मला वाटलं, आता समोसा मागवतील. ते म्हणाले, "मले जा लागन तिथं."

"आता काऊन? सापडलं ना घर?"

"चित्र बरोबर आलं का नाई, ते कसं समजन?"

सोमवारी आम्ही चौघे त्या बसमध्ये होतो. पुढच्या सीटवर लालसू आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपलेली म्हातारी, मागे मी आणि शालिकभाऊ. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल. नेहमी बसमध्ये भाऊ जागेवर बसत नाहीत. या खिडकीतून त्या खिडकीत करतात. त्या दिवशी बसून होते.

"भाऊ," मी म्हटलं, "एवढी धावपळ कोनी सख्ख्या माणसासाठी नाई करत."

ते बाहेर बघतच म्हणाले, "मी आठ वर्सांचा होतो तवा माय गेली. घरी तिचा फोटो नाई. तवा कोनाच्या घरी फोटो होता? मोठा झालो, चित्र काढाले लागलो, म्हटलं पहिले मायचं काढू. बसलो कागद घेऊन. टाचेची भेग आठवली. सुपावरची बोटं आठवली. लुगड्याचा काठ आठवला. तोंड नाई आठवलं." त्यांनी गळ्यातल्या रुमालाने चष्मा पुसला. "आठ वर्सं रोज समोर होती, प्रकाश. अन् म्या पाह्यलंच नाई."

पुढे लालसूने आईचं घसरलेलं डोकं पुन्हा खांद्यावर घेतलं.

"तवापासून जे समोर येते ते पाहून घेतो," ते म्हणाले. "कोनतं कवा लागन, काई सांगता येते का?"

गाव आलं. डोंगर दिसला, टाकी दिसली, खरंच चड्डी घातल्यासारखी. भाऊंनी खिशातून चित्र काढलं आणि घराच्या अंगणात उभे राहून ताडून पाहू लागले. दार बरोबर. गोठा बरोबर. मोहाचं झाड दोन पावलं चुकलं होतं, ते त्यांनी खोडून हलवलं. शेजारपाजारच्या बाया म्हातारीभोवती जमल्या, रडल्या, हसल्या, तिला रागावल्या. आम्ही कुंपणाजवळ उभे होतो.

थोड्या वेळाने म्हातारी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. भाऊ पाणी प्यायले. ती हलली नाही. तिने हात वर करून त्यांची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला, डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, आणि मग समोरून बघत राहिली. भाऊ पार ओशाळले.

"काऊन? का झालं?" त्यांनी लालसूला विचारलं.

लालसूने आईला विचारलं. ती नजर न हलवता गोंडीत काहीतरी बोलली. तो हसला.

"म्हणते, माहे डोळे आता कमजोर झाले. तुम्ही पुढच्या खेपेले आले तर ओळखू आले पाहिजे, म्हणून नीट पाहून ठेवून राह्यली."

रस्त्यावर परतीच्या बसचा हॉर्न वाजला. शालिकभाऊ मान वर करून, अगदी स्थिर, तसेच उभे होते. हॉर्न पुन्हा वाजला. मी त्यांना हाक मारली नाही.